काशीहून काय सोडून आलात?

आमच्या घराण्यात काशीयात्रेचा एक ठरलेला हिशेब असे. मुलांची लग्ने झाली, घराचे कर्ज फिटले, नोकरी संपली, की कोणीतरी म्हणणारच, "आता काय, काशी करून या!" आणि तिथून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्नही ठरलेला, "काय सोडून आलात?" काशीला गेले की आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडून यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. माझ्या सासूबाईंनी अळू सोडले होते, मामंजींनी सीताफळ. आमच्या एक आत्याबाई कारले सोडून आल्या. त्या मुळात कारले कधी खातच नव्हत्या, हे साऱ्या घराला ठाऊक होते!

मी पुण्याच्या कर्वेनगरात राहते. तेहतीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि अठ्ठावन्न पूर्ण होताच निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळाले, मुलींनी रडून घेतले. पहिला महिना कपाटे आवरण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात कपाटे पुन्हा आवरली. पहाटे पाचला गजराशिवाय जाग येई आणि मग आठवे, की आज कुठेच जायचे नाही. दुपारी चार वाजले, की दिवस कसा संपवावा ते कळत नसे. मुलगा बंगळुरात, मुलगी नाशिकला. दोघेही फोनवर एकच सांगत, "आई, आता आराम कर." आराम हा शब्द ऐकला, की मला धास्ती वाटू लागली होती.

ह्यांचे तसे नव्हते. हे टपाल खात्यातून तीन वर्षे आधीच निवृत्त झाले होते. गच्चीवर अठरा कुंड्यांत गुलाब लावून अगदी सुखात होते. माझी घालमेल पाहून एक दिवस हेच म्हणाले, "चल, काशीला जाऊ. निदान काय सोडायचे याचा विचार करण्यात तरी चार दिवस जातील!"

पहाटेची गंगा

डिसेंबरात आम्ही निघालो. इटारसी, जबलपूर मागे टाकत गाडी काशीला पोहोचली तेव्हा दाट धुके होते. उतरण्याची सोय गंगेच्या जवळच, एका गल्लीत झाली होती. गल्ली कसली, दोन माणसे आणि एक गाय समोरासमोर आली, तर गायीला वाट द्यावी लागे. दुसऱ्या दिवशी पहाटे नाव ठरवली. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते. घाट सगळे पश्चिम तीरावर, चौऱ्याऐंशी म्हणतात, आणि पलीकडे नुसती वाळू. त्यामुळे सूर्य वर आला, की त्याच्या आणि घाटांच्या मध्ये काहीच आड येत नाही. सगळ्या पायऱ्या एकदम केशरी होतात.

नावाडी घाटांची नावे सांगत होता आणि मी चकित होत होते. शिंदे घाट, भोसले घाट, अहिल्याघाट. आपल्या शाळेच्या इतिहासाचे पुस्तकच कोणीतरी काठावर मांडून ठेवले होते! मणिकर्णिकेजवळ मात्र आम्ही गप्प झालो. तिथे चिता विझत नाहीत. नावाड्याने वल्ही थांबवली आणि सहजपणे म्हणाला, "माताजी, यहाँ लोग आखिरी टेसन समझकर आते हैं।"

ते वाक्य मला लागले. काशीत मरण यावे म्हणून येऊन राहणारी माणसे आजही आहेत. त्यांच्यासाठी मुक्तिभवनासारख्या जागाही आहेत. आणि मी? मीसुद्धा मनातल्या मनात सगळे संपवूनच आले होते की काय?

दुर्गाघाटावरचा विद्यार्थी

दुपारी आम्ही दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाच्या बाजूला गेलो. ही मराठी माणसांची जुनी वस्ती. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात हा भाग नांदता केला. हिंदी पत्रकारितेचे एक शिल्पकार बाबूराव विष्णू पराडकर हेही काशीत जन्मलेले मराठी गृहस्थ. एका ओसरीवर बसलेल्या आजींनी आमचे मराठी ऐकून हाक मारली. त्यांच्या चार पिढ्या इथेच गेल्या होत्या. बोलण्यात हिंदीचा हेल होता. पण पाण्याबरोबर पुढे आली ती गुळपापडीची वडी. उठताना आजी म्हणाल्या, "विनोबा इथंच दुर्गाघाटावर राहिले होते, माहीत आहे ना?"

माहीत होते, पण पुस्तकातले. त्या पायऱ्यांवर बसून ते पुन्हा आठवले तेव्हा त्याला वेगळाच अर्थ आला.

मार्च १९१६. वीस वर्षांचे विनायक नरहरी भावे इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले आणि सुरतेलाच उतरून काशीची गाडी धरली. आपली प्रमाणपत्रे त्यांनी त्याआधीच आईच्या चुलीत जाळून टाकली होती. मनात दोन ओढी होत्या, एक हिमालयाची आणि दुसरी बंगालच्या क्रांतिकारकांची. काशी ही दोन्हीकडच्या वाटेवर. दुर्गाघाटावर लहानशी जागा, दुपारी अन्नछत्रात जेवण आणि तिथे दक्षिणा म्हणून मिळणाऱ्या दोन पैशांत रात्रीपुरते दही आणि रताळे. बरोबर आलेला बेडेकर नावाचा मित्र इथेच आजारी पडून वारला. त्याचा अंत्यविधी विनोबांनीच केला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या पायाभरणीच्या सोहळ्यात गांधीजींचे गाजलेले भाषण झाले होते. समोर राजेमहाराजे दागिन्यांनी मढून बसलेले असताना गांधीजींनी त्यांना दागिने उतरवायला सांगितले. सभेत गडबड झाली आणि भाषण अर्धेच राहिले. विनोबा काशीत आले तेव्हाही त्याची चर्चा चालूच होती. त्यांनी ते वाचले, मनात प्रश्न उभे राहिले आणि त्यांनी सरळ गांधीजींना पत्र लिहिले. उत्तर आले. पुन्हा पत्र गेले. अखेर गांधीजींनी, येऊन पाहा, असे कळवले. ७ जून १९१६ रोजी विनोबा अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोहोचले तेव्हा गांधीजी भाजी चिरत होते. त्यांनी या नव्या पाहुण्याच्या हातीही सुरी दिली. हिमालयातली शांती आणि बंगालमधली क्रांती, दोन्ही आपल्याला गांधीजींपाशी मिळाली, असे विनोबा पुढे सांगत.

ह्यांना ही गोष्ट पसंत पडली. "म्हणजे सगळे काम टपालाने झाले म्हण ना!" हे अभिमानाने म्हणाले.

मी हसले खरी, पण मनात आले, विनोबा वीस वर्षांचे होते. विशीत माणूस गाडी बदलू शकतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणत्या सुरतेला उतरायचे?

अहिल्याबाईंपुढे

विश्वनाथाच्या दर्शनाला दुसऱ्या दिवशी गेलो. डिसेंबर २०२१ मध्ये नवा मार्ग खुला झाल्यापासून मंदिरापासून गंगेपर्यंत मोकळे प्रशस्त आवार झाले आहे. आमच्या आजीने सांगितलेल्या अरुंद गल्ल्या आता तिथे नाहीत. आवारात अहिल्याबाई होळकरांची मूर्ती आहे. आजचे मंदिर १७८० मध्ये त्यांनीच उभारले. पती १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये, एकुलता एक मुलगा १७६७ मध्ये. कारभाराची दोरी त्यांनी हाती घेतली ती बेचाळिसाव्या वर्षी, आणि काशीचे मंदिर झाले तेव्हा त्या पंचावन्न वर्षांच्या होत्या. मी त्या मूर्तीसमोर बराच वेळ उभी राहिले. पण खरे सांगू? राणीच्या थोरवीने मान झुकते. आपला मार्ग मात्र दिसतोच असे नाही. त्यांच्यापाशी दौलत होती, मुलूख होता. माझ्यापाशी निवृत्तिवेतन होते आणि खडूची सवय.

मूर्ती नसलेले मंदिर

परतीच्या आदल्या दिवशी हातात तीन तास होते. ह्यांनी यादीत पाहून म्हटले, "भारतमाता मंदिर राहिले आहे." ई-रिक्षावाला, तिकडे तिला टोटो म्हणतात, नाखुशीनेच निघाला. "वहाँ तो मूरत भी नहीं है, बाबूजी," असे त्याने दोनदा बजावले.

खरेच, मूर्ती नाही. काशी विद्यापीठाच्या आवारात, रेल्वे स्टेशनापासून फार दूर नाही अशा ठिकाणी हे मंदिर आहे. आत गेले की कठड्यापाशी उभे राहून खाली पाहायचे. जमिनीवर अखंड हिंदुस्थानचा संगमरवरी नकाशा पसरलेला आहे. सुमारे एकतीस फूट लांब, तीस फूट रुंद, ७६२ तुकडे जोडून केलेला. हिमालयाची शिखरे खरोखरच वर आली आहेत, नद्यांची खोरी कोरलेली आहेत, समुद्र खाली आहे. मी लगेच सह्याद्री शोधला. घाटमाथा, कोकणची चिंचोळी पट्टी, पूर्वेकडे उतरत जाणारे पठार. गणिताच्या बाईंना प्रमाण पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. या नकाशाला उंचीचे आणि लांबीचे वेगळे प्रमाण आहे, नाहीतर डोंगर दिसलेच नसते.

तिथल्या वयस्कर राखणदाराने आमचे बोलणे ऐकले. "पूना से आए हैं? तब तो यह नक्शा आपके ही यहाँ से आया है।"

मला वाटले, त्यांची काही गफलत होते आहे. पण त्यांनी सांगितले ते ऐकून मी कठड्याला धरून उभी राहिले.

हे मंदिर बांधले बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी. काशीतले मोठे धनिक आणि देशभक्त. 'आज' हे दैनिक १९२० मध्ये त्यांनी काढले, काशी विद्यापीठ १९२१ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाले. १९१३ च्या कराची काँग्रेसहून परतताना ते मुंबईमार्गे पुण्याला आले आणि धोंडो केशव कर्वे यांचा विधवाश्रम पाहायला गेले. तिथे जमिनीवर हिंदुस्थानचा एक उठावाचा नकाशा केलेला होता, डोंगर आणि नद्यांसह. तो त्यांच्या मनात घर करून बसला. त्याचेच पुढे संगमरवर झाले. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी गांधीजींच्या हस्ते मंदिराचे उद्घाटन झाले.

कर्व्यांचा आश्रम म्हणजे हिंगणे. म्हणजे आमचे कर्वेनगर! तीस वर्षे ज्या रस्त्याने मी भाजी आणली, ज्या कर्वे पुतळ्याच्या स्टॉपवर बसची वाट पाहिली, तिथून निघालेली एक कल्पना काशीत संगमरवरात उमटली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

काशीहून आलेली पुस्तिका

पण गोष्ट तिथे संपत नाही. काशीने पुण्याचे हे देणे केव्हाच परत केले होते. ती हकीकत कर्व्यांच्या चरित्रात मी कधीतरी वाचली होती, ती आता लख्ख आठवली.

कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत, माझ्यासारखेच! विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून १८९३ मध्ये त्यांना वाळीत टाकले गेले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला नेला. १९१४ मध्ये ते महाविद्यालयातून निवृत्त झाले. वय छप्पन. आश्रम उभा होता, शाळा चालू होती. आयुष्याचे काम झाले, असे म्हणून ते बसले असते तर कोणी नाव ठेवले नसते.

१९१५ मध्ये त्यांना टपालाने एक छोटी पुस्तिका आली, जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी. पाठवणारे होते काशीचे शिवप्रसाद गुप्त. जपान पाहिल्यावर त्यांना पुण्याच्या कर्व्यांची आठवण झाली होती. कर्व्यांनी ती चाळली आणि बाजूला ठेवली. पुढे त्या वर्षाअखेर मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणाच्या तयारीला बसले तेव्हा ती पुस्तिका पुन्हा हाती आली, आणि या वेळी तिने त्यांना सोडले नाही. डिसेंबर १९१५ च्या भाषणात त्यांनी मातृभाषेतून शिकवणाऱ्या महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये ते विद्यापीठ सुरूही झाले, पाच विद्यार्थिनींवर! १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लागले. तेच आजचे एसएनडीटी.

पुढचा पाढा तर मी ह्यांना तिथेच म्हणून दाखवला. एकाहत्तराव्या वर्षी कर्वे जगप्रवासाला निघाले आणि जपानचे ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहून आले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. शहाऐंशीव्या वर्षी समता संघ. १९४२ मध्ये याच काशीतल्या हिंदू विश्वविद्यालयाने त्यांना डी. लिट. दिली. शंभराव्या वर्षी भारतरत्न आणि १९६२ मध्ये, एकशे चार वर्षांचे होऊन, ते गेले.

"पुस्तिका बुकपोस्टने आली असणार," हे विचारपूर्वक म्हणाले. "बुकपोस्ट लोक बाजूलाच ठेवतात. मी आयुष्यभर पाहिलंय."

माझी पुस्तिका

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाजूला ठेवलेले माझे बुकपोस्ट कोणते, ते मला आठवले होते आणि आठवून लाज वाटत होती.

आमच्याकडे पोळ्या करायला एक ताई येतात. वय छत्तीस. आठवीत असताना लग्न झाले आणि शाळा सुटली. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी एकदा तव्यावरून नजर न काढता त्यांनी विचारले होते, "बाई, ह्या वयात दहावी देता येती का हो? आमच्या सोसायटीत शिपायाची जागा निघती, पण दहावी मागतात." मी घाईत होते. पेपर तपासायचे होते. म्हटले, "येते की. बघू पुढे." ताईंनी त्यानंतर पुन्हा कधी विचारले नाही. आणि मी, दिवस कसा जाईल म्हणून रडणारी गणिताची शिक्षिका, त्यांच्या हातच्या पोळ्या रोज खात होते!

नवे ध्येय म्हणजे आकाशातून काहीतरी उतरते, असे मला वाटत होते. काशीत येऊन पाहिले, तर विनोबांनी एका भाषणावर शंका विचारणारे पत्र लिहिले आणि कर्व्यांनी बाजूला ठेवलेले चोपडे पुन्हा उघडले. काम दारात येऊन गेलेले असते. आपण त्याला, नंतर या, म्हटलेले असते.

सकाळी हे सगळे मी ह्यांना सांगितले. थोड्या वेळाने हे म्हणाले, "तू जरूर कर. पण मला त्यात ओढू नकोस. माझ्या गुलाबांना विद्यापीठ काढायचे नाही." तेही खरेच. ज्याला कुंडीत सुख आहे, त्याने ती सोडून कशाला उठावे? तगमग ज्याची, त्यानेच धुंडाळायचे.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

काशीला जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. मात्र देव दिवाळीच्या, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास फार गर्दी असते. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्यांना उशीर होतो, ते गृहीत धरावे. मुंबईहून महानगरी एक्सप्रेस, पुण्याहून ज्ञानगंगा एक्सप्रेस सोयीची. घाटांवर पायऱ्या खूप आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी नावेतून पाहावे आणि भाडे आधी ठरवावे. सकाळी कचोरी-जिलेबी आणि थंडीत मिळणारा दुधाच्या फेसाचा मलइयो चुकवू नये. आणि मूर्ती नसली तरी भारतमाता मंदिर जरूर पाहावे.

परत आल्यावर

पुण्याला आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ताईंना थांबवून घेतले. बाहेरून दहावीला बसायचे तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्या वर्षीची मुदत टळून गेली होती. एका परीने बरेच झाले, तयारीला सव्वा वर्ष मिळाले. पहिल्या दिवशी ताईंना वाटले, बाई गंमत करताहेत. मग डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "पण गणित नको हो!" मी म्हटले, "गणितच आधी."

फेब्रुवारीत त्यांच्याबरोबर शेजारच्या इमारतीत धुणेभांडी करणाऱ्या दोघी आल्या, जूनमध्ये आणखी एक. दुपारी दोन ते चार, आमच्याच जेवणाच्या टेबलावर वर्ग भरतो. अपूर्णांक पोळीचे तुकडे करून समजतात, शेकडेवारी भिशीच्या हिशेबावरून. एकीने नवऱ्याच्या विरोधापायी मध्येच सोडले. तिला परत आणण्याची खटपट अजून चालू आहे. आमच्या ताई पहिल्या खेपेला इंग्रजीत आणि गणितात राहिल्या, बाकीचे विषय सुटले. निकाल लागला त्या दिवशी मीच जास्त रडले. त्या मात्र दुसऱ्या दिवशी वही घेऊन हजर! आता उरलेल्या दोन विषयांची तयारी चालली आहे. माझी दुपारचे चार वाजण्याची भीती कधी गेली, ते मला कळलेही नाही.

काशीहून आल्यानंतर आठवड्याने समोरच्या वहिनी प्रसाद घ्यायला आल्या होत्या. पेढा हातावर घेत त्यांनी विचारलेच, "काय सोडून आलात मग?"

"बघू पुढे," मी म्हटले.

"अहो, बघू पुढे काय? सोडलंत काय ते सांगा ना!"

"तेच तर सांगते आहे," मी म्हटले. "'बघू पुढे' म्हणायचं सोडून आले."